हायस का?

द्रौपदाअक्काला नमस्कार करायची सोय नव्हती. तुम्ही हात जोडायच्या आत तिचा प्रश्न यायचा, "हायस का?" समोर धडधाकट माणूस उभा आहे, डोळ्यांना दिसतोय, तरी विचारायची. किराणा दुकानात शिरली की दुकानदाराला, एसटीत चढली की कंडक्टरला, दवाखान्यात गेली की खुद्द डॉक्टरला. आणि उत्तर घेतल्याशिवाय पुढं सरकायची नाही. नुसती मान हलवलेली तिला चालत नसे. "तोंड हाय ना देवानं दिलेलं? बोल की मग!" समोरच्यानं "हाव अक्का, हाय" म्हटलं की तिचं समाधान व्हायचं आणि मगच पुढचं बोलणं सुरू.

अक्का सोनपेठ तालुक्यातल्या, गोदाकाठच्या एका गावची. एका टर्मला सरपंच झालेली. पद गेलं, आवाज राहिला. मी मूळचा परभणीचा, पण माझा कॉम्प्युटरचा क्लास सोनपेठात, एसटी स्टँडसमोरच्या इमारतीत वरच्या मजल्यावर. आधी टायपिंग शिकवायचो, मग हिशेबाची सॉफ्टवेअरं, आणि आता ज्याची हवा आहे ते. "कोडिंग येत नाही? बिनधास्त या! फक्त बोला आणि स्वतःचं अ‍ॅप बनवा!" असा फ्लेक्स मी स्टँडकडं तोंड करून लावला होता. आमच्याकडं फोटो नसलेल्या फ्लेक्सला कोणी फ्लेक्स म्हणत नाही, म्हणून कोपऱ्यात माझाही फोटो होता. हात जोडलेला. खाली 'मार्गदर्शक'.

हा फ्लेक्स वाचून अक्का आली. तिचा उजवा गुडघा कामातून गेला होता. कठडा धरून एकेक पायरी चढताना ती जिन्याला, जिना बांधणाऱ्या गवंड्याला आणि एवढ्या उंचावर क्लास काढणाऱ्या माणसाला शिव्या घालत होती. तो माणूस म्हणजे मी, दारातच उभा होतो.

"हायस का?" तिनं धापा टाकत विचारलं.

मला काही कळेना. "कोण पाहिजे, बाई?"

"आधी हाय म्हण."

"आहे."

"खाली लिवलंय, नुसतं बोला म्हणून. खरं का? लिवायचं काय न्हाई ना? मला लय बोलता येतं."

माझ्या क्लासमध्ये तेव्हा ब्यूटी पार्लरवाली एक ताई, मोबाइल रिपेअरवाला एक पोरगा, नोकरीची वाट बघणाऱ्या दोघीतिघी असा माल होता. सगळे आपापल्या धंद्याचं काहीतरी बनवत होते. त्यांच्यात लुगड्यातली ही बाई येऊन बसली, पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाली, "माझी फेरी फोनला शिकवायची हाय."

फेरी म्हणजे काय, ते तिनं सगळ्या बॅचला सांगितलं. दसरा झाला की तिच्या गावातली बरीच घरं ऊसतोडीला निघतात. पोरंबाळं, भांडीकुंडी, अंथरुणं सगळं ट्रॅक्टरमध्ये भरून कारखान्याकडं जातात, ते पाडव्याच्या सुमाराला परत. मागं राहतात म्हातारी माणसं. सरपंच झाल्यापासून अक्का रोज सकाळी गावातून फिरायची, अशा प्रत्येक घरासमोर उभी राहायची आणि ओरडायची, "हायस का?" आतून "हाव" आलं की पुढचं दार. आवाजात जरा काही वेगळं लागलं की आत शिरायची. आता डॉक्टरनं चालणं बंद करायला सांगितलं होतं.

"शेजारच्या एखाद्या सुनेला सांगायचं की," मी म्हणालो.

"ती विचारील. पण उत्तर ऐकायला तिला फुरसत न्हाई." मग जरा थांबून, खरं ते बोलली. "आन लोकांनी तिचं नाव घ्यावं व्हय? मग म्या कशाला सरपंच झालते?"

अशी होती अक्का. माया होती आणि मिजासही होती, दोन्ही एकाच पिशवीत. ती मला आधी "तुमी मास्तर" म्हणायची, आठवड्याभरात "तू" वर आली. मीही तिला 'अक्का म्हणाल्या' असं कधी म्हटलं नाही. आईला कोण अहोजाहो करतं?

तिचं शिकणं बघण्यासारखं होतं. कॉम्प्युटरसमोर बसायची आणि नव्या सुनेला घर दाखवावं तसं त्याला सांगायची. त्याचं नावच तिनं सूनबाई ठेवलं. "ऐक गं सूनबाई. सकाळी उजाडलं की पयला फोन रखमाला लावायचा. ती लवकर उठती. गणपत म्हाताऱ्याला उशिरा लाव, न्हाईतर शिव्या देतंय." आणि ते यंत्र पुस्तकी मराठीत म्हणायचं, "नक्कीच! मी आपल्याला यात मदत करू शकते."

या 'नक्कीच'वर अक्का जाम भडकायची. "मास्तर, हिला सांग, नक्कीच म्हणू नगंस. माझ्या इलेक्शनला घरोघर फिरले, सगळे नक्कीच म्हणत होते. दुसऱ्या टर्मला नक्कीचवाल्यांनीच पाडलं मला. नक्कीच म्हणणाऱ्यावर माझा भरवसा न्हाई."

बॅच हसून हसून बेजार व्हायची. तिला मात्र कामाची घाई नव्हती. सूनबाईला आमची बोली येत नाही हे तिच्या पहिल्याच दिवशी ध्यानात आलं. 'कसंतरी व्हायलंय' म्हणजे तब्येत बरी नाही, 'जीव घाबरायलाय' म्हणजे पळत जायचं, 'बरंय की' असं ओढून म्हटलं तर बरं नाही. अशी एकेक गोष्ट ती सांगत गेली आणि मी कौतुकानं ऐकत गेलो. हळूहळू वस्तू तयार झाली. अक्काच्याच आवाजात फोन जायचा, "हायस का?" समोरचं माणूस जे बोलेल ते ऐकून सूनबाई अक्काच्या मोबाइलवर एक ओळ लिहायची आणि त्यापुढं रंग लावायची. ठीक असेल तर हिरवा, शंका असेल तर पिवळा, गडबड असेल तर लाल. पिवळा-लाल दिसला तर तेवढ्याच दारी अक्कानं जायचं. गुडघ्याचं काम निम्म्यावर आलं.

बॅच संपताना मी प्रत्येकाला एक वाक्य म्हणतो. कुणाचं काही तयार झालं आणि ते "सर, तुमच्यामुळं" म्हणायला लागलं की मी हात वर करतो आणि म्हणतो, "मी काही केलं नाही. तुम्ही बनवलं." माणूस असा फुलतो की विचारू नका. शिकवण्याची ही माझी खास युक्ती. अक्कालाही म्हटलं. तिनं पदर सावरला आणि सगळ्यांकडं बघत म्हणाली, "म्या बनवलं!" तेच मी पुढच्या फ्लेक्सवर घातलं. मधोमध अक्काचा मोठा फोटो, हातात मोबाइल, खाली लाल अक्षरांत 'हे अ‍ॅप मी बनवलं!' कोपऱ्यात मी, हात जोडून. अक्का बाजाराच्या दिवशी मुद्दाम स्टँडवर चहा प्यायला थांबायची, म्हणजे लोकांनी एकदा फ्लेक्सकडं आणि एकदा तिच्याकडं बघावं.

पण एक सांगायचं राहिलं. वस्तू तयार झाल्यावर अक्काला तिच्यावर लगेच विसंबायचं नव्हतं. "संक्रांतीपस्तोर फोन बी लावू आन म्या बी फिरते. सूनबाई काय ऐकती, म्या काय ऐकते, मिळवून बघू." किती साधी आणि बरोबर गोष्ट होती! पण मला नव्या बॅचच्या कार्यक्रमात तिला स्टेजवर उभी करायची होती. 'हिनं फेरी बंद केली, आता फोन फेरी मारतो' असं माइकवर सांगायचं होतं. अर्धी बंद फेरी सांगून कोण टाळ्या वाजवणार? म्हणून मी म्हणालो, "अक्का, आता पायाला आराम दे. त्याला सगळं मराठी कळतं."

"सगळं?"

"नक्कीच."

शब्द तोंडातून गेला आणि मलाच चपापल्यासारखं झालं. अक्का माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "सूनबाई म्हणली असती तर ऐकलं नसतं. तू म्हणायलास म्हणून ऐकते."

तिनं फेरी बंद केली. कार्यक्रम झाला, टाळ्या झाल्या.

आणि खरं सांगायचं तर बरेच दिवस सगळं छान चाललं. म्हातारी माणसं फोनशी गप्पा मारायला लागली. गणपत म्हातारा रोज भांडायचा आणि सूनबाई लिहायची, 'गणपतराव नाराज आहेत, पण प्रकृती उत्तम आहे.' अक्का मला फोन करून वाचून दाखवायची आणि खो खो हसायची. हिरव्या ठिपक्यांची ओळ सकाळी सकाळी बघणं हा तिचा चहाबरोबरचा खुराक झाला होता.

रखमामाय ही अक्काची जुनी मैत्रीण. दोघी एकाच साली लग्न होऊन त्या गावात आल्या होत्या. दोघी एकाच विहिरीवर पाणी भरायच्या, एकमेकींची बाळंतपणं केलेली. रखमामायची दोन्ही मुलं सुनांसकट कारखान्यावर होती. घर गावाच्या कडेला, ओढ्याकडं. पौषातल्या एका सकाळी तिच्या नावापुढं हिरवा ठिपका आला आणि सूनबाईनं लिहिलं, 'रखमाबाई यांची प्रकृती ठीक आहे. त्यांनी आपले आभार मानले. त्या आपल्याकडे येत आहेत.'

अक्का खूश झाली. रखमा थंडीमुळं घराबाहेर पडत नव्हती, आज येते म्हणते तर बरं वाटत असणार. अक्कानं दोघींचा चहा टाकला. रखमाला गूळ घातलेला लागायचा म्हणून वेगळा टाकला. ओट्यावर पोतं अंथरलं. बसून राहिली. चहा गार झाला, पुन्हा गरम केला. ऊन ओट्यावर आलं तरी रखमा येईना, तेव्हा मात्र अक्का काठी घेऊन उठली.

दार नुसतं लोटलेलं होतं. चूल सारवलेली, भांडी घासून पालथी घातलेली. रखमामाय धुतलेलं लुगडं नेसून बाजेवर आडवी झाली होती. फोन उशाशी होता.

दुपारी मला अक्काचा फोन आला. त्या दिवशी तिनं मला 'हायस का' विचारलं नाही. म्हणाली, "मास्तर, रखमा गेली. ये." मिळेल ती बस धरून मी गेलो.

घरात बायका बसल्या होत्या. अक्कानं मला ओट्याच्या कोपऱ्यात नेलं आणि मोबाइल माझ्या कानाला लावला. सकाळचा आवाज साठवलेला होता. आधी अक्काचा, खणखणीत, "हायस का?" मग जरा वेळ नुसता श्वास. मग रखमामाय, हळू, पण अगदी स्वच्छ, "हाव गं द्रौपदे. लय केलंस बाई माझं. बरं, येते."

मी आणखी एकदा ऐकलं. सूनबाईचं काय चुकलं होतं? काहीच नाही. हाव म्हणजे हो. लय केलंस म्हणजे आभार. येते म्हणजे येते. आपल्याकडं निघणारं माणूस 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतं, हे कोणी सांगितलंच नव्हतं तिला. हे सांगायचं असतं हेच कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. श्वास घेतो ते कोण कुणाला सांगतं?

"फोनवर कुणी येते म्हणतं का, मास्तर?" अक्का म्हणाली. ती रडत नव्हती. "फोनवर माणूस ठेवते म्हणतं. रखमा जलमात कवा फोनवर येते म्हणली न्हाई. माझ्या कानावर पडलं असतं ना, त्याच घडीला पळाले असते. गुडघा मोडला असता तरी पळाले असते."

ती वाचली असती का, हे कोण सांगणार? डॉक्टर म्हणाला, वय झालं होतं. पण एकटी गेली नसती. मैत्रिणीचा हात हातात घेऊन गेली असती. तिनं निरोप दिला आणि तो ऐकायला तिथं कोणी नव्हतं, आणि इकडं ज्या मैत्रिणीला दिला ती गुळाचा चहा पुन्हा पुन्हा गरम करत होती. हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. जेवताना हलत नाही, शिकवताना हलत नाही.

मुलं दुसऱ्या दिवशी सकाळी पोचली. मी रात्री गावातच थांबलो होतो. माती झाल्यावर सगळे रखमामायच्या अंगणात टेकले. थोरला नामदेव, उन्हानं रापलेला, तळहात उसाच्या पाचटानं कापलेले. त्यानं अक्काला विचारलं, रागानं नाही, नुसतं विचारलं, "अक्का, सकाळी मायनं फोन उचलला होता म्हणत्यात?"

अक्का काठीवर भार देऊन उभी राहिली. गावासमोर भाषण करायची तशीच, फक्त आवाज खाली होता. तिनं सगळं सांगितलं. हिरवा ठिपका, येते, चहा. काही गाळलं नाही. शेवटी म्हणाली, "म्या फिरत असते तर कळलं असतं. म्या फेरी सोडली. माझ्यामुळं झालं."

गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "त्या मास्तरनं शिकवलं ना पर? फ्लेक्स लावलाय की."

मी मागं, लिंबाच्या झाडाजवळ उभा होतो. मी बुंध्याआड सरकलो.

अक्कानं मान वळवली नाही. "मास्तरनं काय केलं न्हाई," ती म्हणाली. "म्या बनवलं."

माझंच वाक्य. माझी युक्ती. मला एवढंच म्हणायचं होतं की फेरी सोड हे मी सांगितलं, ती नको म्हणत होती, नक्कीच हा शब्द माझा होता. चार शब्दांचं काम. पण तोंड उघडेना. आणि लपवत नाही, आत कुठंतरी हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची मला जी शरम वाटते तिला तोड नाही.

त्यानंतर अक्का क्लासवर एकदाच आली. कठडा धरून चढली, पण या खेपेला जिन्याला एक शिवी नाही. म्हणाली, "बंद कर ते." मी म्हणालो, "अक्का, आपण सुधारू. 'येते' आलं की लाल करायचं असं सांगू त्याला." ती माझ्याकडं बघून म्हणाली, "आन उद्या एखादी खरंच चहाला येते म्हणली तर? म्या तिच्या दारात रडत जाऊ?" मी ते बंद केलं. ती उठली, दारापर्यंत गेली आणि म्हणाली, "जाते."

सगळी बॅच दचकली. पुढच्या बॅचलाही बसलेली पार्लरवाली ताई पटकन म्हणाली, "अहो अक्का, असं नाही म्हणायचं. येते म्हणा." अक्का उतरून गेली. पुढं कळलं की ती आता सगळीकडं असंच म्हणते. कुणाच्याही घरून निघताना सरळ 'जाते'. सुवासिनी कानावर हात ठेवायच्या, कोणी रागावायचं, पण तिनं सोडलं नाही.

तिनं फेरी पुन्हा सुरू केली. काठी टेकत, थांबत, कुणाच्या ओट्यावर बसत. सकाळी निघायची ते पार ऊन चढेपर्यंत चालायची. गुडघा सुजून भोपळ्याएवढा झाला. मी एकदा तिला वाटेत गाठलं. तिनं पुढच्या दारात ओरडून विचारलं, "हायस का?" त्याच्या पुढच्या दारात विचारलं. रस्त्यानं चाललेल्या एका अनोळखी माणसालाही विचारलं. मला विचारलं नाही. रखमामाय गेली त्या दिवसापासून तिनं मला विचारायचं सोडून दिलं होतं. बाकी बोलणं नीट. चहा घे, बस, जेवून जा. फक्त तो प्रश्न नाही. ज्यानं आयुष्यात कधी अक्काला बघितलं नाही त्याला यात काय एवढं, असं वाटेल. मला तिनं दहा माणसांत थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं.

आणि फ्लेक्स? तो तसाच होता. रोज क्लास उघडताना वाटायचं, आज काढतो. पण प्रवेशाचे दिवस होते, लोक तोच फ्लेक्स बघून वर येत होते. 'हे अ‍ॅप मी बनवलं!' मी त्याच्याकडं न बघता जिना चढायला शिकलो.

होळी झाल्यावर अक्काची लेक तिला नांदेडला न्यायला आली. ऑपरेशन करायचं होतं आणि नंतर तिकडंच ठेवून घ्यायचं होतं. बस सोनपेठच्या स्टँडवरून होती. मी खाली उतरून गेलो. अक्का नेमकी माझ्या फ्लेक्ससमोरच्या बाकावर बसली होती. वर मोबाइल धरून हसणारी अक्का, खाली पिशवी मांडीवर घेतलेली अक्का. तिनं एकदाही वर बघितलं नाही. मी चहा आणला, तिनं घेतला. पायाचं विचारलं, तिनं सांगितलं. मला जे बोलायचं होतं ते चहाबरोबर पुन्हा गिळलं.

लेकीनं तिला बसमध्ये चढवलं. खिडकीशी बसवलं. बस सुरू झाली तेव्हा अक्कानं मान बाहेर काढली. "जाते रे मास्तर."

"अक्का, येते म्हण," मी खिडकीची कड धरून म्हणालो. "प्रवासाला निघताना तरी असं बोलू नकोस."

ती म्हणाली, "रखमाची पोरं समोर उभी होती तवा तू बोलला न्हाईस. आता मला काय म्हणायचं ते शिकवू नगंस."

कंडक्टरनं घंटी मारली. माझा हात खिडकीवरून सुटला.

वर बॅच बसली होती. एका मुलीचं काहीतरी तयार झालं होतं. "सर, झालं! तुमच्यामुळं झालं!" ती ओरडली. माझा हात सवयीनं वर जायला निघाला आणि अर्ध्यावर राहिला. मी म्हणालो, "आपण बनवलं. चुकलं तर मलाही विचारायचं." तिला काही कळलं नाही. ती आपली हसली.

नांदेडला ऑपरेशन बरं झालं. खाटेवर पडल्या पडल्या अक्का सकाळी गावातल्या म्हाताऱ्यांना एकेक करून स्वतः फोन लावते, असं गणपत म्हाताऱ्यानं मला बाजारात सांगितलं. "तुला येतोय का तिचा फोन?" त्यानं विचारलं. मी विषय बदलला.

पाडव्याला ऊसतोडीवाले परत आले. मी सकाळच्या बसनं गेलो. गावात दारोदार गुढ्या उभ्या होत्या. रखमामायच्या दारात नव्हती, वर्षाच्या आत नाही उभारत. नामदेव अंगणात बाजेची सुंभं आवळत बसला होता. त्यानं उठून मला बसायला दिलं. मी बसलो नाही. बसलो असतो तर पुन्हा गिळलं असतं.

"नामदेव, अक्काची चूक नव्हती," मी म्हणालो. "ती फेरी सोडायला तयार नव्हती. मी सोडायला लावली. त्याला सगळं कळतं असं मी म्हणालो होतो. त्या दिवशी मी मागं उभा होतो आणि बोललो नाही."

नामदेव सुंभ हातात धरून राहिला. मग म्हणाला, "म्हाईत हाय, मास्तर."

"अक्कानं सांगितलं?"

"अक्का कशाला सांगंल? स्टँडवर फ्लेक्स हाय की. तुमचा बी फोटो हाय त्याच्यावर, हात जोडलेला. फेरी बंद केली हे माइकवर बी तुमीच सांगितलंत. सगळ्या गावाला म्हाईत हाय." त्यानं सुंभाला एक पीळ दिला. "लोक म्हणत होते, मास्तरला जाऊन विचारू. अक्का म्हणली, कुणी जायचं न्हाई. त्याला तोंड हाय, बोलंल तो."

मी लिंबाच्या झाडाकडं बघत राहिलो. एवढे महिने मी त्याच्यामागं लपलो होतो म्हणे! नामदेवच्या धाकट्या भावाच्या बायकोनं चहा आणला. मी घेतला. नामदेवनं मला माफ केलं का, मला माहीत नाही. त्यानं तसं काही म्हटलं नाही आणि मीही विचारलं नाही. तो परत बाज आवळायला लागला आणि मी दुसरं टोक धरून ओढत राहिलो.

निघायच्या आधी तिथूनच, अंगणातून, मी नांदेडला फोन लावला. बराच वेळ वाजला. अक्कानं उचलला आणि नुसतंच म्हणाली, "बोल."

"अक्का, रखमामायच्या घरी आहे. नामदेवला सांगितलं. सगळं."

पलीकडं नुसता श्वास ऐकू येत होता. मी या वेळी घाई केली नाही, मोबाइल कानाला घट्ट लावून ऐकत राहिलो.

"हायस का?" तिनं विचारलं.

"हाव अक्का," मी म्हणालो. "हाय."

"बरं," अक्का म्हणाली. "ठेवते."